बहिणीची मुलगी

अक्का सरपंच झाली तेव्हा मी जन्मायची होते. मी जन्मले तेव्हा ती सरपंच होती, आणि अडचण तीच होती.

कायदा तेव्हा नवा होता. दोनपेक्षा जास्त मुलं असतील तर गावच्या निवडणुकीला उभं राहता येणार नाही, आणि खुर्चीवर असताना तिसरं झालं तर खुर्ची जाणार. अक्काला दोन मुली होत्या. मी तिसरी. म्हणून जन्मल्या दिवसापासून मी तिची मुलगी नाही, तिच्या धाकट्या बहिणीची मुलगी आहे. धुळ्यात राहते, त्या बहिणीला मम्मी म्हणते आणि तिच्या नवऱ्याला पप्पा. पप्पा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. अक्काला सगळं गाव अक्का म्हणायचं, म्हणून मीही अक्काच म्हणत आले. तेरा वर्षांची होईपर्यंत माझ्या लेखी ती मावशी होती, आणि मावशी म्हणून मला ती फार आवडायची.

तिचं सासर बोदवडच्या पुढे. बोदवडला रेल्वेतून उतरायचं आणि काळीपिवळी जीपमध्ये दाटीवाटीने बसून पुढे जायचं. गाव कपाशीचं, पाण्याचे हाल असलेलं. तिथे एका घराकडे सरपंचकी इतकी वर्षं होती की लोक त्या घरालाच पंचायत म्हणायचे. मग पद बायकांसाठी राखीव झालं. त्या घरातल्या माणसाला, म्हणजे जुन्या सरपंचाला, सांगितलं तिथे सही करणारी बाई हवी होती. अक्काच्या नवऱ्याची पिठाची गिरणी होती, माणूस कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याची बायको बारावी झालेली आहे, सही चांगली करेल, असं म्हणून तिला उभं केलं. तिच्या आधीही एक बाई सरपंच झाली होती म्हणे, पण तिने पंचायतीची पायरी कधी चढली नव्हती. शिपाई रजिस्टर घेऊन तिच्या चुलीपाशी जायचा.

पहिल्या दिवशी अक्काच्या पुढे तिचा नवरा आत गेला आणि खुर्चीवर बसला. यात त्याला काही वावगं वाटलं नसणार. अक्का दारात उभी राहिली आणि शिपायाला म्हणाली, ह्यांना बाहेर बाक टाकून दे. तो काही दिवस बाहेर बाकावर बसला, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी चहा पाजला, हसले. मग तो यायचा बंद झाला. त्याने अक्काला घरात एक शब्द विचारला नाही. मोठी सांगते की त्याने फक्त तिच्या ताटात वाढणं बंद केलं. आधी गिरणीतून आला की तो स्वतः वाढून द्यायचा, ती त्याची एकच हौस होती.

मोठी म्हणजे अक्काची थोरली मुलगी. या काळातलं मला माहीत आहे ते सगळं तिच्याकडून आलेलं आहे.

गावाला आठवड्यातून एकदा नळाचं पाणी यायचं. आधी वरच्या गल्लीला, जिथे जुन्या सरपंचाचं घर, आणि सगळ्यात शेवटी खालच्या गल्लीला, जिथे पिंजारी आणि रोजंदारीची माणसं राहायची. खाली पोचेपर्यंत टाकी रिकामी. अक्काने क्रम उलटा केला. पाणी सोडणाऱ्या माणसाला तिने समोर उभं राहून खालचा कॉक आधी उघडायला लावला. त्या आठवड्यात वरच्या गल्लीतल्या बायका रिकामे हंडे घेऊन तिच्या दारात आल्या आणि त्यांनी ते हंडे तिथेच आपटले. नंतर शाळेच्या भिंतीवर कुणीतरी कोळशाने लिहिलं. अक्का आणि ग्रामसेवक यांच्याबद्दल, जे लिहितात ते. शिपाई चुना घेऊन धावला तर अक्काने त्याला थांबवलं. राहू दे, म्हणाली, अक्षर कुणाचं आहे ते गावाला वाचता येतं. पंधरा ऑगस्टला त्याच भिंतीखाली तिने झेंडा फडकवला. पोरं गाणं म्हणत होती आणि माणसं भिंत वाचत होती. मोठी तेव्हा तिसरीत होती. तिला वाचता येत होतं, आणि अक्काने तिला पहिल्या रांगेत उभं केलं होतं.

अक्का काय चीज आहे हे कळावं म्हणून हे सांगते. तिची कीव करावी असं ती काही नाही.

माझ्या जन्माची गोष्ट मला कुणी मुद्दाम सांगितली नाही. ती मला आजीकडून कळली, म्हणजे अक्काच्या सासूकडून, तेही तिचं आणि अक्काचं भांडण झालं होतं म्हणून. पण त्याच्या आधी जळगावची सुनावणी झाली, तेव्हा क्रमानेच सांगते.

मी चौथीत होते. अक्का मधली पाच वर्षं घरी बसून पुन्हा उभी राहिली होती, आणि या वेळी राखीव जागेवरून नाही. खुल्या जागेवर, जुन्या सरपंचाच्या समोर. तालुक्यात तोवर असं कुणा बाईने केलं नव्हतं. तिला समजावायला मोठमोठी माणसं येऊन गेली. ती निवडून आली, सदस्यांनी तिलाच सरपंच केलं, आणि तो माणूस आयुष्यात पहिल्यांदा हरला. तो हरल्याचं दुःख करत बसला नाही. त्याने माणसं धुळ्याला पाठवली.

ती आमच्या कॉलनीत आली, किराणा दुकानात विचारून गेली, शेजारच्या म्हातारीला विचारून गेली. पाठीमागच्या सुट्टीत मी गावी गेले होते तेव्हा कुणीतरी माझा फोटोही काढला होता. मग तक्रार दाखल झाली की सरपंचबाईंना तिसरं अपत्य आहे आणि ते त्यांनी बहिणीच्या नावावर लपवलं आहे. मला यातलं काही सांगितलं नाही. मला इतकंच कळलं की या वर्षी उन्हाळ्यात गावी जायचं नाही.

एका दुपारी अक्काचा फोन आला. मम्मी नुसतं हो हो म्हणत होती. फोन ठेवला आणि मला घेऊन ती पार्लरमध्ये गेली. माझे केस तोवर मागे ओढून दोन वेण्या घालायचे. त्या दिवशी पुढचे केस कापून कपाळावर आणले. माझ्या कपाळावर केसांचं एक टोक मधोमध खाली येतं, अक्काच्या येतं तसंच. ते झाकलं गेलं. मला ते केस फार आवडले. मी घरी आल्यावर आरशासमोरून हलेना, आणि मम्मी स्वयंपाकघरात जाऊन बसली.

सुनावणीला मला न्यायचं असं अक्काच्या वकिलाने ठरवलं होतं. मुलगी स्वतः बोलली की प्रश्नच मिटला, असं त्याचं म्हणणं. आम्ही धुळ्याहून सकाळच्या गाडीने निघालो. मला सांगितलं होतं की एक साहेब तुला नाव विचारतील, शाळा विचारतील, आईचं नाव विचारतील, जे आहे ते सांगायचं. जे आहे ते सांगायला मला कसली भीती?

खोली लहान होती. एका बाजूला अक्का, तिचे दोन सदस्य, वकील. दुसऱ्या बाजूला जुना सरपंच. मी त्याला पहिल्यांदा जवळून पाहिलं. सभ्य दिसणारा म्हातारा, पांढरी टोपी, आणि तो माझ्याकडे बघून हसला. आजोबा बघतात तसं. मीही हसले.

साहेबांनी मला विचारलं, मी सांगितलं. नाव, इयत्ता, शाळा. आई कोण, तर मी मम्मीकडे बोट दाखवलं. त्या खोलीत खरं बोलणारी मी एकटीच होते, कारण मला काही माहीत नव्हतं.

मग समोरचा वकील उठला. म्हणाला, साहेब, ही मुलगी सरपंचबाईंची आहे हे उघड्या डोळ्यांना दिसतं. हिच्या कपाळावरचे केस आजकालच कापलेले आहेत. जरा मागे करायला सांगा.

 साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मम्मीने माझं मनगट धरलं होतं, ते तिने इतकं दाबलं की माझ्या बांगड्या रुतल्या. तेवढ्यात अक्का आपल्या जागेवरून उठली. कडक इस्त्रीची सुती साडी, डोक्यावरून पदर. ती माझ्यासमोर आली, हाताने माझे केस मागे केले आणि तसेच धरून ठेवले.

"बघा," ती म्हणाली. "कपाळ आमच्या आईचं आहे. ते आम्हा दोघी बहिणींना आलं, हिलाही आलं. पोरगी मावशीसारखी दिसली तर गुन्हा कुणी केला?"

मम्मीचं कपाळ तसं नाही. मम्मीचं कपाळ सरळ आहे. पण मम्मीने डोक्यावरून पदर घेतला होता, आणि तो मागे करा म्हणायची समोरच्या वकिलाची हिंमत झाली नाही.

साहेबांनी सरळच विचारलं, "ही तुमची मुलगी आहे का?"

"नाही. माझ्या बहिणीची आहे."

हे ती साहेबांकडे बघून बोलली नाही. माझ्याकडे बघून बोलली. हात माझ्या डोक्यावर होता. पुढे कितीतरी वर्षं मी ते आठवून बघितलं, कुठेतरी बोट जरा हललं असेल. नाही हललं.

रक्ताची तपासणी करा अशी समोरच्यांची मागणी होती. तो अधिकार मला नाही, असं साहेब म्हणाले. कागद सगळे मम्मीच्या नावाचे होते. तक्रार फेटाळली गेली. बाहेर गावाहून आलेल्या माणसांनी अक्काला हार घातले, तिला उघड्या जीपमध्ये उभं केलं. तिने खाली वाकून मला एक हार दिला आणि जीप गेली. पप्पांनी आम्हाला स्टँडवर आणलं, कचोरी घेऊन दिली. मी विचारलं, तो माणूस मला अक्काची मुलगी का म्हणाला? पप्पा म्हणाले, राजकारण असतं. मम्मी त्या वेळी नळापाशी जाऊन उलटी करत होती.

मी ते खरं मानलं. तीन वर्षं मानलं.

तेरा वर्षांची असताना मला पुन्हा गावी जायची परवानगी मिळाली. जुना सरपंच तोवर वारला होता आणि त्याच्या मुलांना जळगावात घरं बांधायची होती, गावच्या भानगडीत रस नव्हता. मे महिना होता. आजी आणि मी ओसरीवर उडदाचे पापड लाटत होतो. अक्का त्या दिवसांत जिल्हा परिषदेच्या तयारीत होती, घरात टिकायची नाही. आदल्या दिवशी तिने आजीला सगळ्यांदेखत सुनावलं होतं की मतदारांसमोर तोंड उघडत जाऊ नका. आजीच्या मनात ते होतंच. तिने सकाळपासून माझ्याकडे दोनतीनदा पाहिलं, आणि मग लाट्या करता करता सांगायला सुरुवात केली. आवाज चढवला नाही. कुणाच्या लग्नातलं जेवण सांगावं तसं.

पोटात मी आहे हे कळल्यावर घरात बोलणं झालं होतं. अक्काला ते नको होतं. आजीला आणि काकांना हवं होतं. काका म्हणजे अक्काचा नवरा, मी त्यांना काका म्हणायचे. दोन मुलींवर थांबायचं नाही, असं त्या दोघांचं ठरलेलं. मग मधला मार्ग निघाला. अक्काची बहीण धुळ्यात, लग्नाला बरीच वर्षं होऊन मूल नाही, नव्या कॉलनीत नुकतेच राहायला गेलेले, ओळखीचं कुणी नाही. अक्काने गावात कावीळ झाल्याचं सांगितलं आणि धुळ्याला जाऊन राहिली. दवाखान्यात नाव बहिणीचं दिलं. डॉक्टरांना काय माहीत, त्यांनी जे सांगितलं ते लिहिलं.

"पोऱ्या झाला असता तं खरं नाव लावून घेतलं असतं," आजी म्हणाली. "गेली असती सरपंचकी तं गेली असती. पोऱ्यासाठी कोन खुर्ची धरून बसते?"

मी लाटणं थांबवलं. आजी म्हणाली, लाट ना, सुकते.

मग तिने पुढचं सांगितलं. ती दवाखान्याच्या बाहेर बसली होती. नर्स आली, मुलगी झाली म्हणाली. आजी आत गेली नाही. तिने तिथूनच सांगितलं, "लिहेल हाये तेच नाव राहू द्या."

मी विचारलं, तेव्हा अक्का काय म्हणाली?

"तिले काय विचाराचं? ती तं पह्यलेपासून नकोच म्हणत होती तुले."

तो सगळा दिवस मी पापड लाटले. पातळ, एकसारखे. आजीने कौतुकही केलं.

धुळ्याला परत आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मम्मी माझे केस विंचरत होती तेव्हा मी विचारलं. मम्मी माहेरची जळगावच्या पूर्वेकडची, पण इतकी वर्षं धुळ्यात काढल्यावर राग आला की तिच्या तोंडी इकडची अहिराणी यायची. तिने फणी माझ्या केसांतच सोडली आणि माझ्या पाठीत एक गुद्दा घातला. जोरात. म्हणाली, "तू मनी शे. बठ्ठी मनी." माझी आहेस, सगळीच माझी. मग फणी सोडवली आणि वेणी घातली. त्यानंतर आमच्यात तो विषय झाला नाही. व्हायची गरजही नव्हती.

मी एकच बदल केला. अक्काला तोवर अगं-तुगं करायचे, ते अहो-जाहो केलं. पहिल्याच फोनवर मी म्हणाले, अक्का, तुम्ही कशा आहात? पलीकडे ती बोलायची थांबली. तिला बोलायचं थांबवणारं माणूस जिल्ह्यात कमी होतं. मग म्हणाली, बरी आहे, अभ्यास करतेस ना, आणि मम्मीला फोन दे.

ती जिल्हा परिषदेत गेली. बायका-मुलांच्या कल्याणाच्या समितीची सभापती झाली. गाडी मिळाली, दिवा नसलेली, पण पाटी असलेली. जळगावात पिंप्राळ्याला फ्लॅट घेतला. मी एकदा मम्मीसोबत तिच्या एका कार्यक्रमाला गेले होते. मंडपात अंगणवाडीच्या बायका, आशाताई, बाळंतिणी. विषय मुलीच्या जन्माचं स्वागत. अक्काने एका बाईची महिन्याभराची मुलगी मंचावर घेतली, माईकसमोर उंच धरली आणि म्हणाली, हिला नको म्हणणाऱ्या घरात भाकरी खाऊ नका. बायकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारी बसलेली एक बाई तर रडायला लागली. अक्का चांगलं बोलायची, आणि जे बोलायची त्यासाठी खरंच धडपडायची. तीन आडगावांत तिने मुलींच्या शाळेसाठी एसटी सुरू करून घेतली, त्यासाठी डेपोत जाऊन बसून राहिली. त्या गाड्यांनी शिकलेल्या मुली मला आजही भेटतात आणि अक्काचं नाव काढतात. त्यांना मी सांगते, हो, माझी मावशी.

काका गेले तेव्हा मी बारावीत होते. गिरणीतच छातीत कळ आली. आम्ही पोचलो तेव्हा अंगण भरलेलं होतं आणि वाद चालला होता. मुलगा नाही, म्हणून अग्नी पुतण्याने द्यावा असं भावकीचं म्हणणं. अक्का आतून बाहेर आली. डोळे कोरडे. म्हणाली, "माझ्या पोटच्या मुली आहेत. दोन आहेत. दोघींपैकी जी देईल ती देईल."

मी तिच्यापासून चार हातांवर होते. धाकटीने, म्हणजे दुसरीने, माझ्याकडे पाहिलं आणि लगेच मान खाली घातली. मोठीने मडकं धरलं. गावात मुलीने अग्नी द्यायची ती पहिलीच वेळ. कुणीतरी वर्तमानपत्राच्या माणसाला बोलावलं होतं, फोटो आला. त्या फोटोत मी नाही. पाहुण्या बायका अंगणातच थांबल्या होत्या, मी त्यांच्यात. एका बाईने मला विचारलं, तुझे कोण लागायचे? मी म्हणाले, मावशीचे मिस्टर. मला रडू येत होतं, पण मावशीच्या नवऱ्यासाठी किती रडतात याचा मला अंदाज नव्हता, म्हणून मी मम्मीकडे बघत बघत, ती रडेल तेवढीच रडले.

अक्काचा उतार भांडणाने आला नाही. मुदत संपली, निवडणुका लांबल्या, लांबतच गेल्या. अधिकारी कारभार बघू लागले. दारात येणारी माणसं कमी झाली, मग यायची बंद झाली. पक्षाची बैठक असली की आधी तिला पुढे बसवायचे. एकदा तिला तिसऱ्या रांगेत बसवलं आणि पुढे एका पुढाऱ्याची सून बसली होती. तिकीट त्या सुनेला, असं आतून ठरलं. अक्काला कुणी नाही म्हणालंसुद्धा नाही. तिचा फोन उचलणं बंद केलं, एवढंच.

गेल्या वर्षी ती धुळ्याला आली. एसटीने, एकटी, हातात कापडी पिशवी. मी इथल्या एका शाळेत शिकवते, रविवार होता म्हणून घरी होते. पप्पा बाजारात गेलेले. मम्मी पोळ्या लाटत होती. अक्का पाणी प्यायली आणि पीठ भरलेल्या ताटाच्या शेजारी खालीच बसली. माझ्याकडे न बघता म्हणाली की आता तिला कुठलीच निवडणूक लढवायची नाही. आता सांगून टाकलं तरी कुणी काही वाकडं करणार नाही.

मी विचारलं, काय सांगून टाकलं तर?

"तू माझी आहेस ते."

मम्मीचं लाटणं चालू होतं. एक पोळी तव्यावर पडली, दुसरी लाटायला घेतली. ती वळली नाही.

अक्का बोलत राहिली. म्हणाली की मूल राहू नये म्हणून ती गोळ्या घेत होती, त्या डब्यातून जायच्या. आधी तिला वाटलं आपणच विसरतो. मग एकदा गिरणीच्या मागे चुरा झालेली पाकिटं सापडली. तरी ती घरात काही बोलली नाही, कारण बोलली असती तर पंचायतीत जायचं बंद झालं असतं. दोन्ही सांभाळायचं होतं. बाळंतपणानंतर आठ दिवसांत ती गावी परत गेली, दूध आलेलं, छातीला फडकं घट्ट बांधून ग्रामसभा घेतली. ती सभा तिला शब्दन्‌ शब्द आठवते, असं म्हणाली. पहिला ठराव शाळेच्या कौलांचा होता.

मला तिचं दुःख समजलं. खोटं वाटलं नाही. पण मला हेही दिसत होतं की ती हे उत्तम सांगते आहे, कुठे थांबायचं ते तिला कळतं आहे, आणि हे ती कुणाकडे तरी परत सांगणार आहे. कदाचित एखाद्या मंचावर. राजकारणासाठी जिने लेक दिली ती बाई. त्यावर टाळ्या पडल्या असत्या.

मी म्हणाले, "अक्का, सांगू नका. माझी आई पोळ्या करते आहे. तिने घरोघर जाऊन काय उत्तर द्यायचं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "तू मला माफ करणार नाहीस," म्हणाली.

"त्याचा काही संबंध नाही," मी म्हणाले. "मला दुसरी आई नकोय."

हे मी फार शांतपणे बोलले. तिचाच गुण तो. तिने मान हलवली, मतमोजणीच्या टेबलापाशी आकडा ऐकून हलवतात तशी. मग मम्मीने ताट वाढलं आणि तिघी जेवलो. अक्का दोन पोळ्या जेवली, भाजीचं कौतुक केलं, दुपारच्या गाडीने गेली. पप्पा तिला सोडायला गेले. मम्मी संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही, आणि संध्याकाळी माझ्या डोक्याला तेल लावून दिलं.

मला वाटलं होतं ती आता पिंप्राळ्याच्या फ्लॅटमध्ये शांत बसेल. पण या उन्हाळ्यात मोठीचा फोन आला, जळगावला ये म्हणाली, मी दवाखान्यात आहे. मोठीला दोन मुली आहेत. तिच्या सासरचं गाव अक्काच्या जिल्हा परिषदेच्या जुन्या गटातलंच, आणि निवडणुका लागणार अशी हवा होती. अक्काने ठरवलं होतं की मोठीला उभं करायचं. मोठीच्या सासूने ठरवलं होतं की एक मुलगा होऊ द्यायचा. अक्का एका सकाळी रिक्षा घेऊन तिच्या दारात गेली, जावयाला बाजूला घेऊन काय बोलली देव जाणे, त्याच्याकडून होकार वदवला आणि मोठीला घेऊन कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनसाठी दाखल केलं.

मी पोचले तेव्हा ऑपरेशन झालं होतं. मोठीच्या दोन मुली बाकावर बसून बिस्किटं खात होत्या. मोठी पडून होती, ओठ सुकलेले. तिने मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "मला तिसरं नकोच होतं गं. पण मला विचारायला हवं होतं ना कुणीतरी."

मी तिच्या ओठांना पाण्याचा बोळा लावला. अक्का खिडकीपाशी फोनवर होती. कुठल्या गावात किती घरं आपली, कोण फुटेल, कोणाला भेटायचं, हे चाललं होतं. तिचा आवाज परत पहिल्यासारखा झाला होता, दहा वर्षांनी लहान. फोन ठेवून ती पलंगापाशी आली, मोठीच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

मोठी म्हणाली, "अक्का, दुखतंय."

"चार दिवस दुखतं," अक्का म्हणाली. "अर्ज भरायच्या आत बरी होशील."

पुन्हा फोन वाजला आणि ती बाहेर गेली. मी दोन्ही पोरींना घेऊन खाली आले, कारण त्यांना भूक लागली होती आणि वरच्या मजल्यावर कॅन्टीन नव्हतं.